काकांचा जुना ड्रमसेट: वाजवायचा, पण खान्देशच्या उन्हापासून सांभाळून

प्रश्न: माझे काका सत्तरच्या दशकात ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचे. त्यांचा प्रीमियर कंपनीचा सेट आता माझ्याकडे आला आहे. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), एक बारा इंची टॉम, एक सोळा इंची फ्लोअर टॉम (जमिनीवर पायांवर उभा राहणारा), स्नेअर (खाली तारा असलेला चपटा ड्रम) आणि दोन झांजा. वर्षानुवर्षं मागच्या पत्र्याच्या खोलीत पडून होता. वरच्या मोतिया प्लास्टिकच्या कागदाला बारीक भेगा आहेत, क्रोमवर ठिपके आलेत, आणि बारा इंची टॉमवर नवीन हेड, म्हणजे वाजवायचा पडदा, बसतच नाही. घरचे म्हणतात गॅरेजवर डुको मारून घे. बँडवाले मित्र म्हणतात विकून टाक आणि ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक ड्रम) घे. वाजवू, की नुसता जपून ठेवू? (अमळनेर)

उत्तर:

भाऊ, वाजवा. डुको मारू नका, विकायची घाई करू नका, आणि आज संध्याकाळपर्यंत तो सेट पत्र्याच्या खोलीतून बाहेर काढा. बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल.

मी भुसावळचा. ऑर्केस्ट्रात वाजवणं आणि ड्रम दुरुस्त करणं, दोन्ही कामं बरीच वर्षं करतोय. आपल्या भागात जुन्या सेटचं जेवढं नुकसान मे महिना करतो, तेवढं कुठला वाजवणारा करत नाही. जुन्या ड्रमबद्दल बाहेरच्या लोकांनी सांगितलेलं बरंचसं ओल आणि थंडीबद्दल असतं. आपलं दुखणं वेगळं. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि हवा कोरडीठाक. मग पाऊस लागला की महिनाभरात भिंतीला ओल. लाकूड मेमध्ये आकसतं, जुलैत फुगतं. शेल म्हणजे ड्रमचं लाकडी अंग. त्यात लाकडाचे पातळ थर उभे-आडवे चिकटवून गोल वळवलेले असतात, त्यामुळे ते एकमेकांना बऱ्यापैकी धरून राहतात. वरचा प्लास्टिकचा कागद मात्र लाकडाच्या चालीने चालत नाही. तो स्वतःच्या हिशेबाने आकसतो, आणि जिथे त्याला बोल्टने जखडलेलं असतं तिथे तडकतो. तुमच्या भेगा लगच्या (शेलवर बसवलेले, ताणाचे बोल्ट धरणारे धातूचे तुकडे) भोकांपासून सुरू झाल्या असतील, बघा.

त्या कागदावर बोट जोराने घासा आणि वास घ्या. कापराचा वास आला तर तो सेल्युलॉइड. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर मिळून हा पदार्थ बनतो. वर्षं जातात तसा त्यातला कापूर उडत जातो, कागद आकसतो, पिवळा पडतो. पांढऱ्या मोत्याचे जुने सेट चहासारखे पिवळे दिसतात ते यामुळेच. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: सेल्युलॉइड भडकन पेट घेतं. त्याच्याजवळ हीट गन नको, उदबत्ती नको, वेल्डिंग तर नकोच. थिनर, अ‍ॅसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर लागला तर कागद जागच्या जागी विरघळतो. डुको मारणारा माणूस पहिलं काम थिनरने पुसण्याचं करतो, एवढं घरच्यांना सांगा. डुकोचा विषय तिथेच संपेल.

भेगा बुजवायच्या भानगडीत पडू नका. त्यांनी आवाजात काही फरक पडत नाही. फक्त जिथे कागदाचा जोड उचकटला असेल तिथे काडीने कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्हचा अगदी पातळ थर आतून लावायचा, बाहेर आलेला थेंब लगेच कोरड्या कापडाने टिपायचा आणि सुती पट्ट्यांनी आवळून रात्रभर ठेवायचं. क्विकवाली गोंदं वापरू नका, ती दगडासारखी कडक होतात आणि पुढच्या उन्हाळ्यात शेजारी नवी भेग पडते. सेलोटेप तर मुळीच नको.

आता ठेवायचं कुठे. तुमच्याकडे गावात जुनं धाब्याचं घर शिल्लक असेल तर त्याच्या माजघरासारखी जागा नाही. मातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं धाबं यामुळे दुपारी आणि पहाटे तिथलं तापमान फारसं बदलत नाही, आणि ड्रमला हवं असतं ते एवढंच. वाळवी आणि उंदीर यांचा बंदोबस्त तेवढा करा: सेट जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून नको, लोखंडी पलंगावर किंवा फळीवर ठेवा. सिमेंटच्या घरात राहत असाल तर वरचा मजला टाळा, पश्चिमेची खोली टाळा, आणि कूलरच्या खोलीत चुकूनही ठेवू नका. ही चूक आपल्याकडे घरोघर होते. माणसाला गार वाटतं म्हणून लोक सेटही तिथेच ठेवतात. रात्रभर कूलरची ओली हवा, दिवसा कूलर बंद आणि खोलीची भट्टी. चोवीस तासांत लाकूड एकदा फुगतं आणि एकदा आकसतं, आणि क्रोमवर तर रोज दव पडल्यासारखं होतं. त्यापेक्षा कूलर नसलेली बंद खोली बरी.

झाकायला जुनी सुती चादर, धोतर, लुगडं काहीही चालेल. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, आत घाम धरतो. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, तो कागद ओल धरून ठेवतो आणि शाईचे डाग सोडतो. डांबराच्या गोळ्याही नकोत, त्या काही प्लास्टिकना मऊ करतात. कडुलिंबाचा वाळलेला पाला कापडाच्या पुरचुंडीत बांधून ठेवला तर हरकत नाही.

ठेवताना हेड काढून ठेवायची नाहीत. बऱ्याच जणांना वाटतं की ताण सोडला म्हणजे ड्रमला आराम. तसं नसतं. दोन्ही बाजूंनी हेड आणि त्याला दाबून धरणारी रिंग हलक्या ताणाने बसलेली असली की शेलचा गोलपणा टिकतो आणि वरची कड सुरक्षित राहते. सगळे बोल्ट हाताने आवळायचे, मग चावीने अर्धा फेरा. बस.

बारा इंची टॉमवर हेड न बसण्याचं कारण तुमच्या हातात नाही, इंग्लंडमध्ये आहे. प्रीमियरवाले साठच्या दशकाच्या अखेरीपर्यंत स्वतःच्या मापाचे टॉम बनवायचे. नावाला बारा इंच, पण शेल आजच्या बारा इंचांपेक्षा किंचित मोठा. म्हणून आजचं हेड त्यावर अडकतं किंवा जेमतेम चढतं. किक आणि स्नेअरला सहसा ही अडचण येत नाही. तुमचा फ्लोअर टॉमही तपासा. यावरून एक गोष्टही कळते, सेट बहुधा साठच्या दशकातला आहे, म्हणजे काकांनी तो घेतला तेव्हाच वापरलेला असणार. त्या काळात परवान्याशिवाय बाहेरचं वाद्य आणणं सोपं नव्हतं, मुंबईच्या वादकांकडून हातोहात फिरत आलेले सेटच आपल्याकडे पोचायचे.

यावर गावातल्या सुताराचा उपाय ठरलेला: पॉलिश पेपर घेऊन शेल बाहेरून घासायचा. हे करू देऊ नका. शेल घासला की कागद गेला, माप गेलं आणि तो सेट कायमचा ना जुना ना नवा झाला. रेमो कंपनी या जुन्या प्रीमियर मापाची हेड वेगळी बनवते, मागवताना ‘प्री-इंटरनॅशनल’ असं सांगावं लागतं. महाग पडतात, वेळ लागतो, पण एकदाच घ्यायची आहेत. बरोबर हेडची खूण अशी: रिंग न लावता हेड नुसतं शेलवर ठेवलं आणि एका बोटाने फिरवलं तर ते सहज फिरायला हवं.

मागवण्याआधी मोजायचं कसं ते नीट सांगतो. टॉम खाटेवर सतरंजी घालून ठेवा. उघडण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर घड्याळासारखी भोकं पाडा, बॅजच्या (कंपनीच्या नावाच्या पट्टीच्या) जागी बारा लिहा, आणि निघेल तो बोल्ट त्याच्या त्याच्या भोकात खोचत जा. पन्नास-साठ वर्षं एका लगमध्ये राहिलेला बोल्ट त्या आट्यांना सरावलेला असतो, तो त्याच लगमध्ये परत गेला पाहिजे. हेड निघाल्यावर शेलचा बाहेरचा व्यास तीन दिशांनी मोजा. एक-दोन मिलिमीटरचा फरक जुन्या ड्रममध्ये चालून जातो. त्याहून जास्त असेल तर शेल अंडाकृती झालाय. मग शेल एकदा पाहावा लागेल, दाबून सरळ करायचा प्रयत्न करू नका. उघडलाच आहे तर कडेवरून बोट फिरवा. खाच, फुगा, उचललेला थर लागला तर पेन्सिलीने आत खूण करा. ही कड नव्याने तासून घ्यावी की नाही यावर वादकांत नेहमी भांडणं होतात. माझं मत स्पष्ट आहे: जुन्या शेलची कड मुळात जरा गोलसर असते, ड्रमचा तो जाडसर, लवकर विरणारा आवाज बराचसा तिथून येतो. ती तासून टोकदार केली की आजच्या कुठल्याही सेटसारखा आवाज मिळतो. मग जुना सेट कशाला पाहिजे?

जाम झालेल्या बोल्टला जोर लावू नका. रॉकेल आता सहज मिळत नाही, डिझेलचे दोन थेंब सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी आधी किंचित आवळा आणि मग सोडा. अडकलेला आणि सुटत असलेला बोल्ट चावीतून वेगळे लागतात. माझ्याकडे कामाला असलेल्या पोराला सुरुवातीला हेच विचारायचो, कसं कळतं रे? तो म्हणायचा, “हातले कयस ना भाऊ.” हाताला कळतं. खरं आहे. साफ झाल्यावर प्रत्येक बोल्टला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल लावू नका, ते काही महिन्यांत चिकट होऊन धूळ धरतं.

बोल्ट तुटला किंवा हरवला तर बँडच्या साइड ड्रमचा बोल्ट त्यात फिरवून पाहायचा मोह होईल. आपल्याकडच्या बँडचं बरंच सामान मेरठच्या जली कोठीतून येतं, तिथे नादिर अली कंपनी १८८५ पासून आहे. ते सामान त्याच्या जागी उत्तम. पण जुन्या इंग्लिश ड्रमचे आटे वेगळे असतात, अमेरिकन बोल्टही त्यात बसत नाही. दोन फेरे जातो, मग घट्ट होतो, आणि बसेल असं वाटतं म्हणून माणूस जोर लावतो. लगच्या आत एक छोटा फिरता नट असतो, त्याचे आटे गेले की तसा नट शोधणं बोल्ट शोधण्यापेक्षा अवघड. चांगल्या लेथवाल्याकडे शाबूत बोल्ट नमुना म्हणून न्या, तो अगदी तसा पाडून देईल. भुसावळला, जळगावला असे कारागीर आहेत.

लग आणि ओतीव रिंग बहुधा जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. दिसायला लोखंड, पण पडल्या किंवा जास्त आवळल्या तर बिस्किटासारख्या तुटतात. तुटलेली रिंग घेऊन वेल्डिंगवाल्याकडे गेलात तर तो बिचारा मनापासून प्रयत्न करेल आणि तुमच्या हातात गोळा देईल, कारण ही धातू ४०० अंशांच्या आतच वितळते. तडा गेलेली रिंग काढून ठेवा आणि वाजवायला साध्या पत्र्याची रिंग बसवा.

क्रोमचे ठिपके. अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा करून पाण्यात बुडवायचा आणि हलक्या हाताने घासायचा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ, गंज निघतो पण चरे पडत नाहीत. नंतर कोरडं पुसून तेलाचा हात फिरवा. ठिपक्याखालचा खड्डा राहतो, तो राहू द्या. ब्रासो रोज रोज नको, क्रोमचा थर मुळात फार पातळ असतो. मोतिया कागदावर तर ब्रासोचं बोटही लावू नका. त्याला ओलं सुती कापड आणि एक थेंब सौम्य साबण पुरे.

झांजांचं थोडक्यात. जुन्या चांगल्या झांजा कांशाच्या असतात, नामवंत झिल्डजियन प्रकारात साधारण ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील. वर आलेला तपकिरी थर काढू नका. भांड्यांच्या पॉलिशवाल्याकडे तर नेऊच नका, बफच्या उष्णतेने आणि घासण्याने बारीक रेघा जातात आणि आवाज बोथट होतो. स्टँडच्या दांड्याला प्लास्टिकच्या नळीचा तुकडा घाला, नाहीतर मधलं भोक लांबट होत जातं. वरचा नट सैल ठेवा, झांज मोकळी हलली पाहिजे.

आता वाजवण्याबद्दल, कारण खरा प्रश्न तोच आहे.

बीटल्सचा ड्रमवादक रिंगो स्टार याच्याकडेही आधी प्रीमियरच होता, १९६३ मध्ये त्याने लुडविग कंपनीचा सेट घेतला. चार्ली वॉट्स १९५७ चा ग्रेच कंपनीचा सेट घेऊन रोलिंग स्टोन्स या बँडबरोबर मोठमोठ्या स्टेडियममध्ये वाजवत राहिला. म्हणजे जुना सेट मंचावर नेता येतो. पण त्यांच्यासोबत सेट उचलणारी, बांधणारी, रोज तपासणारी माणसं होती. आपण टेम्पोत टाकून नेतो, वर दोन स्पीकर ठेवतो. म्हणून माझा नियम असा: हॉलमध्ये, रेकॉर्डिंगला, छोट्या मैफलीला, जळगावच्या बालगंधर्व खुल्या नाट्यगृहात थंडीच्या दिवसांत संध्याकाळी कार्यक्रम असेल तर बेलाशक न्या. हळदीच्या रात्री, वरातीत, कानबाईच्या मिरवणुकीत गाडीवर बांधून नको. तिथे डीजेच्या भिंतीसमोर त्याचा आवाज कुणाला ऐकूही येणार नाही आणि गुलाल प्रत्येक आट्यात जाऊन बसेल. त्या कामाला ऑक्टोपॅडच बरा, त्याबाबतीत तुमचे मित्र चुकीचं सांगत नाहीत. रोलंड कंपनीने १९८५ मध्ये पहिला ऑक्टोपॅड आणला, आणि त्यानंतरच्या काळात आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात खऱ्या ड्रमची जागा हळूहळू त्याने घेतली. दोन्ही ठेवा. एकाने पोट भरतं, दुसऱ्याने मन.

मंचावर नेताना जुनं सामान सगळं वापरायलाच पाहिजे असं नाही. मी शेल जुने ठेवतो आणि वजन पेलणारं सगळं नवं वापरतो: पेडल, हाय-हॅट (पायाने मिटायच्या जोडझांजांचा स्टँड), झांजांचे स्टँड, स्नेअरचा स्टँड. तुमच्या किकच्या पाठीवर टॉम धरणारा एक दांडा असेल. तो टॉमचं सगळं वजन किकच्या पातळ शेलवर टाकतो, आणि जुन्या सेटमध्ये बहुतेक वेळा तडा तिथूनच जातो. टॉम वेगळ्या स्नेअर स्टँडवर ठेवा. आवाजही जास्त मोकळा येतो. किकचे जुने पाय घसरतात म्हणून खाली सतरंजी, पुढे विटेएवढा लाकडी ठोकळा. पेडल जिथे किकच्या कड्याला चावतं तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाला, नाहीतर दोन कार्यक्रमांत कड्याचा रंग जातो.

हेड एकेरी, म्हणजे एकाच थराची, पांढऱ्या लेपाची घ्या. रेमोचं कोटेड अ‍ॅम्बॅसेडर किंवा तशा जाडीचं, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास. दुहेरी जाड हेड जुन्या शेलवर लावली तर ते मुके होतात, आणि ताण द्यावा तसा आवाज येत नाही म्हणून माणूस बोल्ट आवळत सुटतो. वाजवायच्या काड्या हलक्या. रिमशॉट (हेड आणि रिंगवर एकदम मारलेला फटका) कमी. घुमणारा आवाज दाबायचा असेल तर हेडवर पातळ सुती रुमाल टाका, बीटल्सच्या शेवटच्या वर्षांतल्या रेकॉर्डिंगला रिंगोनेही ड्रमवर टॉवेल टाकले होते. सत्तरच्या दशकातल्या हिंदी गाण्यांच्या तालाची ज्यांना सवय आहे त्यांना तो कोरडा, आखूड ‘ढप्’ लगेच ओळखीचा वाटेल.

हेडचा कातडी जमाना मात्र विसरू नका, कारण काकांच्या स्नेअरवर अजून वासराचं कातडं असलं तर त्याचे नियम उलटे आहेत. १९५७ च्या सुमारास प्लास्टिकची हेड बाजारात आली, त्याआधी सगळं कातडं. कातडं उन्हात ताणतं, पावसात ढिलं पडतं. आपल्या हलगीवाल्यांना हे सांगायला नको, ते शेकोटीजवळ नेऊन पान तापवतात. मेमध्ये कार्यक्रम झाल्यावर कातड्याचे बोल्ट दोन फेरे सोडून ठेवायचे, नाहीतर रात्रीतून ते स्वतःच ओढून फाटतं किंवा रिंगला वाकवतं. प्लास्टिकचं हेड गाडीत तापलं की उलट थोडं सैल होतं, म्हणून कार्यक्रमाच्या जागी पोचल्यावर सेट सावलीत अर्धा तास राहू द्या आणि मगच सूर लावा. समोरासमोरचे बोल्ट, अर्धा-अर्धा फेरा.

किकचं पुढचं लोगोवालं हेड काढून दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवा. बँडचं नाव रेडियमवाल्याकडून लिहून घ्यायचं असेल, माइकसाठी भोक पाडायचं असेल, तर ते नव्या हेडवर. शेलला नवीन भोक कुठल्याही कारणाने नको. आणि जे जे काढाल, तुटकी रिंग, झिजलेला फेल्ट, गंजका वॉशर, आतलं आवाज दाबणारं जुनं मफलर, ते एका कापडी पिशवीत घालून किकच्या आत ठेवून द्या. फेकायचं काही नाही. पुढे कुणाला सेट मूळ रूपात उभा करायचा झाला तर ती पिशवीच कामाला येते.

किमतीचं विचारलं नाहीत, पण घरी विषय निघणारच. रिंगोचा एक लुडविग सेट २०१५ च्या लिलावात २० लाख डॉलरहून जास्त किमतीला गेला, हे कुणीतरी मोबाइलवर दाखवेल. ते पैसे रिंगोचे, लाकडाचे नाहीत. जुन्या प्रीमियरला मागणी असते, पण मूळ कागद, मूळ लग, बॅज आणि न पाडलेली भोकं असतील तरच. तुमच्या सेटला आज जी काही किंमत आहे ती डुको मारेपर्यंतच.

बारा आणि सोळा इंची टॉमचे तीन-तीन व्यास मिलिमीटरमध्ये आणि बॅजचा जवळून काढलेला फोटो पाठवा. हेड त्यानंतरच मागवू.